ढगापासून हजार फूट

ढगाचा तळ किती उंचीवर आहे हे कळायला विमानात बसावं लागत नाही. हवेच्या तापमानातून दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे थेंब होऊ लागतात तो आकडा, वजा करायचा आणि उरेल त्याला 400 नं गुणायचं. जमिनीपासून तितक्या फुटांवर ढग सुरू होतो. सप्टेंबर उतरणीला लागला की नाशकात सकाळी अकराच्या सुमाराला पारा 29 वर आणि दवबिंदू 21 वर, असा दिवस सहज मिळतो. फरक आठ, तळ 3,200 फूट. उन्हानं जमीन तापून जे कापशी ढग धरतात त्यांनाच हे लागू पडतं, पण त्यांना चांगलं लागू पडतं. तापलेल्या शेतावरून सुटलेली हवा वर जाताना फुगते आणि दर हजार फुटांना तीन अंशांनी निवते. तिचा दवबिंदू मात्र तेवढ्याच चढाईत अर्धाच अंश उतरतो. दोन्ही आकडे जिथं एकमेकांना गाठतात, तिथं वाफेचे थेंब होतात आणि आपण म्हणतो, ढग आला.

सेसना 172 सारखं चार आसनांचं विमान चढत चढत त्या उंचीला पोचलं की ही वजाबाकी डोळ्यांना दिसते. ओझरपासून पार चांदवडपर्यंत विखुरलेले ढग एकाच रेषेवर बसलेले असतात. माथे हवे तसे, कुणी बुटका, कुणी वाऱ्यानं कललेला, पण तळ सगळ्यांचे सपाट आणि एका पातळीत. जमिनीवरून हेच ढग पुढेमागे, वरखाली टांगल्यासारखे दिसतात. मोठ्या जेटच्या खिडकीतूनही ती रेष दिसत नाही, कारण ते विमान मिनिटाला दोन-अडीच हजार फूट चढत तिथून केव्हाच निसटलेलं असतं. 100 नॉटनं, म्हणजे ताशी 185 किलोमीटरनं, जाणारं आणि मिनिटाला कसंबसं पाचशे-सातशे फूट चढणारं छोटं विमान मात्र ढगांच्या पातळीतच वावरतं. तिथं जे जे देखणं आहे ते बहुतेक सगळं कामाचंही आहे. ढगाची कड, त्याची सावली, त्याच्या माथ्याचा आकार यातून काही ना काही मोजता येतं, आणि मोजता येऊ लागलं की ते अधिकच देखणं वाटतं. निदान माझं मत तरी असं आहे. हवामानशास्त्र शिकल्यानं आभाळाची मजा जाते म्हणणाऱ्यांनी एकदा त्या रेषेशेजारून अर्धा तास उडून यावं.

आता नाशिकची खोच. हवामानाच्या अहवालात ढगाची उंची विमानतळाच्या जमिनीपासून सांगतात आणि अल्टिमीटर उंची दाखवतो समुद्रसपाटीपासून. ओझरची धावपट्टी सुमारे 1,950 फुटांवर आहे. अहवालात तळ 2,500 असेल तर अल्टिमीटरवर तो 4,450 ला येतो. ब्रह्मगिरी आणि अंजनेरी 4,200 च्या वर आहेत, सप्तशृंग 4,600 च्या पुढं, धोडप 4,800 च्या घरात आणि कळसूबाई 5,400. म्हणजे ओझरवर ऐसपैस वाटणारं आभाळ सातमाळा रांगेत आणि कळसूबाईच्या बाजूला डोंगरांना टेकलेलं असतं. वर सांगितलेल्या 3,200 च्या दिवशीसुद्धा बारी गाव उन्हात असतं आणि शिखरावरचं देऊळ ढगात. घाटाकडची हवा ओली, म्हणून तिथला तळ आणखी दोन-तीनशे फूट खाली धरून चालावं. ढगांखालून जाणाऱ्यानं घरून निघण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडायचा असतो. कॉकपिटमध्ये बेरजा चुकतात.

ढग बघायला नाशिकइतका सोयीचा जिल्हा क्वचितच असेल. इगतपुरीला वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि येवला-नांदगावकडं त्याचा पाचवा-सहावा हिस्सा. दोन्ही टोकांत हवाई अंतर शंभरेक किलोमीटर, म्हणजे छोट्या विमानानं पस्तीस मिनिटं. जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेकडचे घाटमाथे करड्या थराखाली पूर्ण बुडालेले असतात. नाशिक शहराजवळ तो थर फाटू लागतो, निफाडपाशी त्याचे तुकडे होतात आणि येवल्याच्या वर ऊन. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीवर चढताना पाणी टाकते आणि पूर्वेला उतरताना तापून कोरडी होते. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यछायेची आडवी आकृती असते, तीच इथं खऱ्या मापात खाली पसरलेली दिसते.

पण पावसाळ्यात पश्चिमेला जाणं हे छोट्या विमानाचं काम नाही. मोसमी वाऱ्याचा सगळ्यात वेगवान पट्टा जमिनीवर नसतो, तो समुद्रसपाटीपासून दीड किलोमीटरच्या आसपास असतो. दीड किलोमीटर म्हणजे जवळपास 5,000 फूट, थेट आपल्या शिखरांची उंची. जोराच्या दिवशी तिथं 40 नॉटचा वारा असतो. 100 नॉटनं इगतपुरीकडं निघालेलं विमान जमिनीच्या हिशेबात 60 नॉटनं सरकतं, म्हणजे ताशी 110 किलोमीटर. महामार्गावरच्या गाड्या मागं टाकणंही अवघड. हाच वारा डोंगराच्या पलीकडच्या अंगाला खाली कोसळतो. त्र्यंबकच्या रांगेच्या पूर्वेला मिनिटाला पाचशे-सातशे फूट खाली ढकलणारा झोत लागला तर पूर्ण थ्रॉटल देऊनही, म्हणजे इंजिनाचा सगळा जोर लावूनही, उंची जेमतेम टिकते. त्यामुळं रांग ओलांडायची तर माथ्यापेक्षा निदान 2,000 फूट वरून आणि 45 अंशांच्या तिरक्या वाटेनं, म्हणजे नको वाटल्यास नव्वद अंशांत परत फिरता येतं. माथ्यापेक्षा 2,000 फूट वर जाता येत नसेल इतका ढग खाली असेल, तर त्या दिवशी पूर्वेकडं जावं. पूर्वेलाही आभाळ आहे.

मे महिन्यात अडचण वेगळी. तापमान 38, दवबिंदू 16. तळ जवळपास 9,000 फुटांवर, नजर जाईल तिथपर्यंत मोकळीक. फक्त विमान तिथवर जायला राजी नसतं. 38 अंशांची हवा इतकी विरळ असते की ओझरच्या धावपट्टीवरचं विमान सुमारे 5,200 फुटांवर असल्यासारखं वागतं. पंख, प्रोपेलर आणि इंजिन तिघांनाही हवा कमी पडते. पूर्ण वजनानं धाव लांबते आणि चढाई मंदावते. त्यावर उपाय जुनाच आहे. इंधन लागेल तेवढंच घ्यायचं, एखादं माणूस खाली ठेवायचं, पहाटे निघायचं आणि बाकीची चढाई निसर्गाकडून उधार घ्यायची. नांगरलेल्या काळ्या रानावर, खडकाळ उघड्या बोडक्या टेकाडावर हवा वर उचलते. द्राक्षबागांच्या हिरव्या पट्ट्यावर ती उचल थंडावते आणि गंगापूर धरणाच्या पाण्यावर आलं की धक्के अचानक थांबतात. घारी कुठं गोल फिरताहेत हे बघितलं की उचल कुठं आहे ते कळतं. मात्र बघायचं ते लांबून. समोर घार आलीच तर नाक वर घ्यायचं, कारण पक्षी बहुतेक वेळा खाली सूर मारतो.

कापशी ढगाचं आयुष्य वीस-पंचवीस मिनिटांचं, तासाच्या आत तर नक्कीच संपणारं. त्याच्या कडेवरून वय ओळखता येतं. कड रेखीव, माथा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा गच्च आणि वर वर फुगत असेल, तर ढग वाढतो आहे आणि त्याच्या खाली उचल आहे. कड विसविशीत झाली, तळाचा सपाटपणा गेला की तो विरतो आहे आणि खाली हवा उतरते आहे. ढगांच्या दोन रांगांमधून जाताना म्हणूनच धक्के एका ठेक्यात येतात. ढगाखाली वर, मोकळ्या पट्टीत खाली. बाहेर बघत उडणाऱ्याला पुढचा धक्का आधी कळतो आणि तो थ्रॉटलशी झगडत बसत नाही. वेग तेवढा आवरायचा. 172 एस या प्रकाराचा खडबडीत हवेतला सुरक्षित वेग पूर्ण वजनाला 105 नॉट आहे आणि हलक्या वजनाला 90. विमान हलकं तर वेग आणखी कमी, हे नवशिक्याला उलटं वाटतं. पण हलकं विमान तेवढ्याच झोतात जास्त जोरानं उसळतं आणि विमानाच्या बांधणीवरचा ताण त्या उसळीतून येतो.

लांबी, रुंदी आणि उंची एकेक किलोमीटर असा ढग घेतला तर त्यात अंदाजे 500 टन पाणी असतं. शेजारून जाणाऱ्या 172 एसचं कमाल वजन 1,157 किलो. एवढं पाणी पडत का नाही? थेंब फारच बारीक असतात, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतके. असा थेंब सेकंदाला एखादा सेंटिमीटर खाली येतो आणि खालून येणारी हवा त्याला त्याहून वेगानं वर नेते. ढगाची सावलीही वाया जात नाही. शेतांवरून ती कुठल्या दिशेला सरकते त्यावरून ढगाच्या उंचीवरचा वारा कळतो, आणि नकाशावर ओळखू येणाऱ्या दोन खुणांमधलं अंतर कापायला तिला किती वेळ लागला ते घड्याळात बघितलं की वाऱ्याचा वेगही कळतो.

या सगळ्याला अंतराचा नियम आहे. बाहेर डोळ्यांनी बघून उडताना 10,000 फुटांखाली निदान 5 किलोमीटर दृश्यमानता हवी आणि ढगापासून आडवं 1,500 मीटर, उभं 1,000 फूट अंतर. 100 नॉटला 1,500 मीटर अर्ध्या मिनिटात संपतात. ढगातून फक्त यंत्रं वाचत येणारं दुसरं विमान अचानक बाहेर पडलं तर त्याला आणि आपल्याला बाजूला व्हायला एवढाच अवधी मिळतो. नियमाबाहेरही एक कारण आहे, ते बघण्याचं. ढगाला अगदी खेटून गेलं तर पांढरी भिंत आणि थोडी वाफ याशिवाय काही दिसत नाही. दीड किलोमीटरवरून त्याचा माथा, त्याचं फुगणं, एका अंगाची करडी छाया आणि दुसऱ्या अंगाची झळाळी हे सगळं एका नजरेत मावतं. नियम करणाऱ्यांना सौंदर्याशी देणंघेणं नव्हतं, पण अंतर त्यांनी नेमकं निवडलं.

फसवतो तो ढगांच्या वरचा भाग. आभाळाचे आठ भाग धरून मोजतात. तीन-चार भाग भरले असताना मधल्या मोकळ्या जागेतून वर जाणं सोपं असतं. वर हवा गुळगुळीत, खालचा धुरकटपणा गायब, थंडावा हजार फुटांना दोन अंशांनी वाढलेला, आणि धोडपचा खाच असलेला कातळ ढगांतून वर आलेला. तासाभरानं खाली बघावं तर चाराचे सहा-सात भाग झालेले असतात आणि आलो तो झरोका बुजलेला. सकाळी दहा ते दुपारी एक या वेळात ढग वाढतच जातात, त्यामुळं त्या वेळात झरोक्यावर विसंबून वर जाऊ नये. दुपारी चारनंतर जमीन निवते, ढग बसू लागतात आणि उतरत्या उन्हात त्यांचे रंगही उघडतात. वर जायचं तर ती वेळ बरी. फक्त सूर्यास्तानंतर 20 मिनिटांत चाकं जमिनीवर हवीत.

आणि ढगात शिरलंच विमान तर? इलिनॉय विद्यापीठात 1954 साली यंत्रांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या 20 वैमानिकांची चाचणी घेतली होती. बाहेरचं दिसणं बंद झाल्यावर विमान ताब्याबाहेर जायला सरासरी 178 सेकंद लागले. धीटपणाचा इथं उपयोग नाही, कारण बिघाड कानात आहे. आतल्या कानातल्या नळ्यांमधला द्रव वळण सुरू झाल्याचं सांगतो, पण तेच वळण वीसेक सेकंद एकसारखं चाललं की द्रव स्थिर होतो आणि आपण सरळ चाललो आहोत असं वाटू लागतं. मग वैमानिक विमान सरळ करतो आणि त्याला वाटतं ते उलट्या बाजूला कललं, म्हणून तो पुन्हा मूळ वळणात जातो. नाक खाली जातं, वेग वाढतो, तो योक, म्हणजे विमानाचं सुकाणू, ओढतो आणि वळण अधिकच आवळतं.

सुटका शिकवतात ती अशी. बाहेर बघणं थांबवायचं. अ‍ॅटिट्यूड इंडिकेटरवर, म्हणजे विमान क्षितिजाशी किती कललं आहे ते दाखवणाऱ्या यंत्रावर, पंख समतल करायचे. थ्रॉटलला हात लावायचा नाही, नाकाची पातळी राखणाऱ्या ट्रिमवर विश्वास ठेवायचा. आत्ताची दिशा वाचायची आणि त्यात 180 मिळवून किंवा वजा करून नवी दिशा मोठ्यानं बोलायची. मग सेकंदाला तीन अंशांच्या वळणात, म्हणजे 100 नॉटला पंधराएक अंश कलून, बरोबर एक मिनिट. पंख समतल. आलो त्या वाटेनं बाहेर. चढायचं नाही, उतरायचं नाही, आणि रेडिओवर बोलायचं ते वळण पूर्ण झाल्यावर. या वळणाचा व्यास जवळपास दोन किलोमीटर होतो. त्यापेक्षा अरुंद दरीत ढगांखालून शिरू नये, हे त्यातूनच येतं. त्र्यंबकच्या डोंगरांमध्ये अशा दऱ्या बऱ्याच आहेत.

ढगात न शिरताही ढगाची हवा इंजिनात शिरते. सेसना 152 सारख्या कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारं भांडं असलेल्या, विमानांना ऑगस्टचं नाशिक फार वाईट. हवा 24 अंशांची असली तरी कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात पेट्रोलची वाफ होताना आणि दाब उतरताना तापमान पंचवीस-तीस अंशांनीही पडू शकतं आणि दमट हवेतलं पाणी तिथं गोठतं. बाहेर पंखांवर बर्फ धरायचा धोका आपल्याकडं पावसाळ्यात सोळा-सतरा हजार फुटांच्या पुढं, आणि इंजिनात मात्र घामट हवेतही. पहिली खूण म्हणजे थ्रॉटल न हलवता आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, हळूहळू घसरणं. नवशिका थ्रॉटल थोडा पुढं ढकलतो आणि खूण झाकून टाकतो. कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कार्ब हीट पूर्ण ओढायची, अर्धवट नाही. गरम हवा विरळ म्हणून आरपीएम आणखी पडतो, मग वितळलेलं पाणी सिलिंडरमध्ये जाऊन इंजिन खरखरतं, आणि इथंच घाबरून लोक हीट बंद करतात. खरखर थांबून आरपीएम चढेपर्यंत ती चालू ठेवायची. कमी थ्रॉटलवर लांब उताराला तर आधीच ओढून ठेवायची. जमिनीवर धुळीत मात्र नको, कारण ही हवा फिल्टरमधून येत नाही. 172 एसच्या इंजिनाला कार्ब्युरेटरच नाही, हे तिचं पावसाळ्यातलं सगळ्यात मोठं सुख.

एका ढगाशी मात्र कसलाच व्यवहार नाही. माथा पसरट होऊन ऐरण दिसू लागलेला गडगडाटी ढग 20 सागरी मैल, म्हणजे 37 किलोमीटर लांब ठेवायचा. त्यातून निघालेला थंड वारा पावसाच्या पुढं पंधरा-वीस किलोमीटर धावतो आणि धावपट्टीवरचा वारा क्षणात उलटा करतो. गारा ढगाच्या बाहेरही फेकल्या जातात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्या बागायतदारांनी पाहिली आहे त्यांना तो ढग ओळखायला वैमानिकाची गरज नाही.

ढग चुकवायचे तर वळसा घ्यावा लागतो आणि नाशिकच्या आभाळात वळसा फुकट नाही. ओझरला एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) लढाऊ विमानांची चाचणी-उड्डाणं, गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टरं, देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण आणि गोळाबाराचं मैदान. दक्षिणेला ढग दिसला म्हणून मनानं पश्चिमेला सरकता येत नाही. निघण्यापूर्वी सूचना वाचायच्या आणि वळायच्या आधी नियंत्रकाला विचारायचं. पाचऐवजी वीस मिनिटांचा वळसा झाला तर 172 एस दहाएक लिटर जादा पिते, तेही मोजलेलं असावं.

जाताना काचेचं सांगायला हवं. समोरची काच म्हणजे काच नसते, अ‍ॅक्रिलिक असतं. भरपूर पाणी घालून, मऊ सुती कापडानं, उभ्या सरळ रेषेत पुसायची. गोल पुसलं की गोल ओरखडे पडतात आणि सूर्य समोर आला की त्यांची कडीच कडी चमकतात. पोलराइज्ड चष्मा नको. त्यात अ‍ॅक्रिलिकवर रंगीत डाग दिसतात आणि कॉकपिटमधल्या यंत्रांचे काही पडदे काळे पडतात. साधा करडा चष्मा घ्यावा.

स्वच्छ काच लागते ती मुख्यतः इंद्रवज्रासाठी. कर्नल साइक्सनं हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून पाहिल्याची 1835 सालची नोंद आहे ते गोल इंद्रधनुष्य ट्रेकर मंडळी तासन्‌तास वाट बघून मिळवतात. विमानाला ते जवळजवळ मागितल्यावर मिळतं. सूर्य एका बाजूला, दुसऱ्या बाजूला खाली ढगांचा थर, आणि थरावर विमानाची सावली जिथं पडते तिथं रंगीत कडी. थेंब जितके बारीक तितकी कडी मोठी, आणि सगळे थेंब सारख्या आकाराचे असले की रंग स्वच्छ. म्हणून फुगलेल्या ढगापेक्षा सकाळचा पातळ, नुकता धरलेला थर चांगला. थरापासून जसं वर जावं तशी सावली लहान होत नाहीशी होते, पण कड्यांचा कोन तेवढाच राहतो. कड्यांचं केंद्र विमान नसतं, बघणाऱ्याचा डोळा असतो, आणि एका विमानात बसलेल्या चौघांना चार वेगळी इंद्रवज्रं दिसतात. थराच्या जवळून काढलेल्या फोटोत केंद्र सावलीच्या नाकाशी आहे की पंखाच्या मागं, एवढं बघायचं. फोटो वैमानिकानं काढला की मागच्या सीटवरच्यानं, हा वाद लगेच मिटतो.